वहिनीची पहिली पोपटी

हल्ली पोपटी फोनवरून मागवता येते. माझ्या भाच्याने गेल्याच महिन्यात मागवली. एक माणूस टेम्पोतून मडकं घेऊन आला, हातमोजे घालून ते उतरवलं, कागदी बशा मांडल्या आणि सगळ्यांनी आधी फोटो काढले. मी खाल्ली, का नाही खाणार? पण पहिली शेंग तोंडात घातली आणि कळलं, आत भांबुर्ड्याचा पालाच नाही. कोबीची पानं घातली होती. कोबीची! आमची आई असती तर त्या माणसाला मडक्यासकट पनवेल स्टँडपर्यंत पळवलं असतं. मी मात्र गप्प बसले, कारण समोर वहिनी बसली होती आणि कोबीचं पान उचलून माझ्याकडे बघत हसत होती. पाला नसला की काय होतं हे आम्हा दोघींइतकं कुणाला ठाऊक आहे?

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, खडेमीठ, ओवा, मधे बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दडपायचा. पाणी नाही, तेल नाही. मग मडकं शेतातच उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. पाल्याच्या नि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. यात खरी गोची एकच, आत डोकावून बघता येत नाही. लवकर काढलं तर कोंबडी कच्ची, उशिरा काढलं तर शेंगांचा कोळसा. आमच्या घरी हा निवाडा आईच्या नाकाचा. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजतंय का ते सगळेच बघत, पण आई जाळापासून दूर उभी राहून वास घ्यायची. मग एकदम पदर कमरेला खोचायची. आईने पदर खोचला की मडकं उतरवायचं, त्यात कुणी एक शब्द बोलायचा नाही.

आमचं गाव पनवेलच्या वेशीवरचं. खाडीकडून वारा आला की घरात सुकटीचा वास, हमरस्त्याकडून आला की डिझेलचा. पहाटे आईच्या हाताखाली तांदळाच्या भाकऱ्या थापटल्याचा आवाज व्हायचा, त्यानेच मला जाग यायची. वडील मी लहान असतानाच गेले. आईने वालाच्या शेतावर आणि स्वतःच्या तोंडावर आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. तोंडावर म्हणजे तिच्या तोंडाला सगळं गाव वचकून असायचं म्हणून! बाजारात वाल विकायला बसली की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी दोनदा विचार करायचं. मला सगळे बेबी म्हणत. आता साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, तरी गावात पाऊल टाकलं की कुणीतरी हाक मारतंच, "बेबे, कवा आलीस गो?"

त्या वर्षी मी बारावीला होते, आणि दादाने लग्न करून टाकलं. करून टाकलं हाच शब्द बरोबर आहे. पनवेलमध्ये तो ज्या कचेरीत कारकून होता तिथेच शालन टायपिस्ट होती. मुलगी फलटणकडची, मामाकडे राहून नोकरी करणारी. दोघांनी देवळात एकमेकांना हार घातले, आणि दादा तिला घेऊन दारात उभा राहिला. ना हळद, ना मांडव, ना गावजेवण. हळदीशिवाय लग्न म्हणजे आमच्याकडे मिठाशिवाय कालवण. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघांना घरात घेतलं आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलणं बंद केलं. म्हणजे भांडण नाही, शिवी नाही, उपाशी ठेवणं नाही. फक्त सरळ बोलायचं नाही. जे बोलायचं ते माझ्यामार्फत.

"बेबे, तिला सांग, चहात साकर कमी टाक."

शालनवहिनी माझ्या शेजारी हातभर अंतरावर उभी! मी मान वळवून सांगायचे, "वहिनी, साखर कमी टाक." ती म्हणायची, "बरं, आत्याबाई." तिच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यावर आई पुन्हा माझ्याकडे बघून, "तिला सांग, मी तिच्या बापाची भन नाय." असं दिवसभर. घशाला कोरड पडायची माझ्या. टेलिफोनची तार तरी दोन्हीकडची माणसं लांब असतात म्हणून लागते, इथे दोघी एकाच चुलीपुढे. पण वहिनीने जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली की आई मागच्या दाराशी उभी राहून चटणी बोटाने चाटताना मी पाहिलीय. आईला पाहिलेलं कळलं की डोळे वटारायची. मी कुणाला सांगितलं नाही. तशी मी शहाणी होते.

पोपटीला आमची सगळी भावकी जमायची. उरणहून, पनवेलमधून, शिरढोणहून, पोराबाळांसकट पन्नासेक माणसं तरी. आणि आमच्या भावकीत एक रीत होती. नवी सून घरात आली की त्या साली पहिलं मडकं तिने भरायचं. ते नीट उतरलं तर सुनेचा पाय चांगला. कच्चं राहिलं, करपलं, तडकलं, तर पायगुण वाईट, आणि तो शिक्का जन्मभर पुसला जायचा नाही. आता या रीतीला काय अर्थ आहे? काही नाही. पण एका चुलतीच्या मडक्याला तडा गेला होता, तर पुढे वीस वर्षांनी तिच्या घरची म्हैस मेली तरी लोक म्हणाले, "त्या पोपटीलाच समजला व्हता." हा निवाडा द्यायचा मान शिरढोणच्या काकीचा. माझ्या थोरल्या काकाची बायको, भावकीत सगळ्यात वडील, आणि जिभेच्या बाबतीत आईची गुरू. तिने आधीच निरोप धाडला होता, "घाटावरची पोर आनलीय ना, पोपटीला बघू तिचा पाय." आईने निरोप ऐकला आणि नुसतीच सूप झटकत राहिली. वहिनीने माझ्याकडून पोपटी म्हणजे काय ते सगळं समजून घेतलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला लाजली. मी तिला सगळं सांगितलं. भांबुर्ड्याचा पालाही सांगितला. भांबुर्डा दिसतो कसा ते मात्र सांगायचं मला सुचलं नाही, कारण आमच्याकडे ते सांगावं लागतं असं मला वाटलंच नव्हतं. गाय कशी दिसते असं कुणी सांगतं का?

पोपटीच्या आदल्या दिवशी दुसरा शनिवार, कचेरीला सुट्टी होती. आई बाजारात, दादा नातेवाइकांना बोलावणी करायला, मी माळ्यावर अभ्यासाच्या नावाखाली झोपलेली. वहिनी विळा घेऊन एकटीच शेतावर गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तळहातांना फोड आलेले, साडीला कुसळं, चेहरा मात्र असा खुललेला की लग्नाच्या दिवशीही तशी दिसली नव्हती. रात्री जेवताना माझ्या कानात म्हणाली, "उद्या बघाच तुम्ही वन्सं. बांधावर कंबरभर तण माजलं होतं. एवढी माणसं बसणार, म्हणून सगळं उपटून, पेटवून दिलं. बांध कसा आरशासारखा केलाय!"

माझा घास हातातच राहिला. आमच्या बांधावरचं कंबरभर तण म्हणजे दुसरं काय असणार? तो भांबुर्डा होता. आईने पावसाळ्यापासून गुराढोरांना तोंड लावू दिलं नव्हतं त्याला.

सकाळी आई शेतावर गेली, मागे आम्ही दोघी. रात्री मला सांगायचा धीर झाला नव्हता, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर अजून ते कौतुक ऐकायला तयार असलेलं हसू. आई बांधापाशी थांबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लालसर माती, विंचरलेल्या केसांसारखी साफ, आणि कोपऱ्यात राखेचा ढीग. आईने राख पायाने उकरली, एक अर्धवट जळलेली काडी उचलली, हुंगली. मी डोळे मिटून घेतले. आता ज्वालामुखी फुटणार! आईने तोंड उघडलं. मग माझ्याकडे वळली. "बेबे, तिला सांग..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "तिला सांग का..." आणि पुन्हा थांबली. एवढा मोठा राग, तो तिसऱ्याच्या तोंडून जाईना. सरळ बोलायचं नाही ही तिची आण, आणि मध्यस्थामार्फत शिव्या घालायच्या म्हणजे त्यातली धारच जाते. आई बांधावर मटकन बसली. त्या अवस्थेतही मला हसू फुटायला आलं होतं, खरं सांगते.

शेवटी मीच वहिनीला सांगितलं, की तू उपटलंस ते तण नव्हतं. तिने राखेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. रडली नाही. म्हणाली, "आमच्याकडं असलं काही बांधावर ठेवलं तर सासू घरात घेत नाही, वन्सं. मला वाटलं, एक तरी काम असं करावं की..." आईने जमिनीकडे बघतच हात झाडले. "बेबे, तिला घेऊन बेलपाड्याला जा. तिथं पडीक लय हाय. दुपारच्या आत या."

आम्ही पोती घेऊन एसटीने खारघरच्या बाजूला निघालो. आज तिथे उंच इमारती आहेत, कॉलेजं आहेत, माझी एक विद्यार्थिनी तिथे चौदाव्या मजल्यावर राहते. तेव्हा नव्या शहरासाठी घेतलेली शेतं नुसती पडून होती. रस्त्यांच्या खुणा आखलेल्या, मधे दगड रोवलेले, आणि नांगर बंद झाल्यामुळे सगळीकडे रान. एसटीत वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मडकं बिघडलं तर मी फलटणला जाईन वन्सं. यांना माझ्यापायी भावकीत मान खाली घालायला लावणार नाही." मी म्हटलं, "वेडी आहेस का? मडक्यावरून कुणी नवरा सोडतं का?" ती म्हणाली, "नवऱ्याला नाही सोडत. पण ज्या घरात मला दोन महिन्यांत कुणी नावानं हाक मारली नाही, तिथं पायगुणाचं नाव घेऊन कशी राहू?" मला तेव्हा सतरावं संपत होतं. रोज तिचे निरोप पोचवणारी मीच, पण ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आई "तिला" म्हणायची, काकी "घाटावरची", मी "वहिनी" आणि दादा तर चारचौघांत "अगं". शालन कुणीच म्हणत नव्हतं.

बेलपाड्याच्या कडेला उतरलो तर भांबुर्डा म्हणजे नुसता माजलेला. मी एक पान चुरडून तिच्या नाकाशी धरलं. कापूर आणि ओवा एकत्र कुटल्यासारखा तो उग्र वास. ती मागे सरकली. "ईऽ, हे खायचं?" "खायचं नाही गं, याच्या वाफेत शिजवायचं." मग तिने अशी काही कापणी सुरू केली की बघत राहावं. काल उपटलेलं आज दुप्पट करून भरत होती. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. "कुनाच्या गो पोरी तुमी? आनि काय चोरताव?" मी आईचं नाव सांगितलं, वहिनीचा पराक्रमही सांगितला. म्हातारी इतकी हसली की खाली बसली. "बांध साफ केला? पोपटीच्या तोंडावर? अगो बाय माझे!" हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "न्या, न्या. हितं माझा भात व्हायचा. आता हाच पिकतंय." तिने स्वतः एक पोतं तोंडापर्यंत दाबून दिलं आणि वहिनीच्या पाठीवर हात ठेवला. "भिऊ नको. मीठ सढल हातानं टाक."

परत आलो तेव्हा भावकी जमायला लागली होती. पोरं शेतात हुंदडत होती, बाया शेंगा निवडत होत्या, दादा कोंबड्यांना मसाला चोळत होता. आणि शिरढोणची काकी कमरेवर हात ठेवून त्या आरशासारख्या बांधासमोर उभी.

"हा बांध कुनी सोलला गो? भांबुर्डा कुठं गेला?"

वहिनीच्या हातातलं पोतं खाली आलं. ती पुढे होऊन काही सांगणार, तोच आई शेंगांच्या ढिगावरून म्हणाली, "मीच काढाला सांगितला. पोरं बसाची हितं, इच्चूकाटा नको. पाला बेलपाड्याचा आनलाय, तिथला ज्यास्ती वासाचा असतंय."

माझी आई! बाजारात एका रुपयासाठी खोटं न बोलणारी. काकीने "अस्सं?" म्हटलं आणि पोत्यात नाक घातलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, मी आईकडे, आणि आई शेंगांकडे.

दिवस कलला तेव्हा वहिनीने मडकं भरलं. पाला, शेंगा, मूठभर खडेमीठ, म्हातारीच्या सांगण्यावरून आणखी थोडं. अंडी इतक्या हळू ठेवली की जणू त्यातली पिल्लं झोपलीयत. दादाने मडकं उपडं घातलं, जाळ केला, शेजारी आणखी दोन मडकी लागली ती चुलत्यांची. पेंढा भडकला, मग गोवऱ्या धुमसायला लागल्या. पोरांना आम्ही लांब पिटाळलं. सगळ्यांची बडबड चालली होती, पण डोळे त्या पहिल्या मडक्यावर. मी आईवर नजर ठेवून होते. नेहमीच्या जागी, जाळावरचा वारा अंगावर येईल अशी उभी. बऱ्याच वेळाने वास बदलला. पाल्याचा उग्रपणा गेला आणि शेंगांचा गोडसर खमंग वास सुटला. आईचा हात पदराकडे गेला. पदर कमरेला खोचला गेला. दादा काठ्या घेऊन उठलासुद्धा.

आईने दादाला हातानेच थांबवलं. मग वहिनीकडे वळली. माझ्याकडे नाही हं, वहिनीकडे.

"शालन, मडकं तुझा हाय. सांग, काढाचा का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वहिनीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तिला कळलंच नाही की आपल्याला विचारलंय, मग कळलं. तिने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. आयुष्यात तिने कधी पोपटी पाहिली नव्हती. कोंबडी कच्ची राहिली तर, एवढंच तिच्या डोक्यात असणार. म्हणाली, "जरा थांबू या, आत्याबाई."

काकीने नाक फेंदारलं. "अगो, वास बदलला ना! कसली थांबतेस?"

"ती सांगल तवा निघंल," आई म्हणाली. कमरेचा पदर तिने सोडला आणि चक्क खाली बसली. मी बाजूलाच होते. तिला ठाऊक होतं. तिच्या नाकाला ठाऊक होतं की आता आत प्रत्येक क्षणाला काठाच्या शेंगा काळ्या होतायत. तरी ती बसून राहिली, वहिनी "आता काढा" म्हणेपर्यंत.

मडकं केळीच्या पानांवर उलटलं तेव्हा वाफेचा लोट उठला आणि पोरं धावली. आई सगळ्यांच्या पुढे. "भाजंल, लांब व्हा!" म्हणत तिने स्वतःच शेंगा पसरल्या, पाठ काकीकडे करून. मडक्याच्या कडेला चिकटलेल्या काळ्या शेंगा तिच्या बोटांखालून पटापट तिच्या स्वतःच्या पानावर जात होत्या. मधल्या हिरव्यागार, टपोऱ्या शेंगा काकीपुढे. काकीने एक सोलली, दाणे तोंडात टाकले. दुसरी सोलली. कोंबडीचा तुकडा मोडला, आतपर्यंत शिजलेला. सगळी भावकी तिच्या जबड्याकडे बघत होती.

"मीठ बेस हाय," काकी म्हणाली. मग बोटं चाटत, "पाय चांगला हाय पोरीचा. घाटावरचा असला तरी."

दादाने तोंड फिरवलं, बहुतेक डोळे पुसायला, आणि धुराला दोष दिला. वहिनी आईच्या शेजारी येऊन बसली, आणि आईच्या पानाकडे तिची नजर गेली. "आत्याबाई, ह्या करपल्यात की. टाका त्या, मी दुसऱ्या देते."

आईने एक काळी शेंग दाताने सोलली. "नाय गो शालन. मना करपलेल्याच आवरतात."

माझ्या आईला करपलेलं काही आवडत नसे. भाकरीला डाग पडला तर ती गाईला घालायची. पण त्यानंतर दर वर्षी पोपटीला वहिनी काठाच्या काळ्या शेंगा हाताने वेचून काढायची, वेगळ्या द्रोणात ठेवायची, "ह्या आत्याबाईंच्या," म्हणत पोरांना हात लावू द्यायची नाही. आणि आई खायची. दात पडले तरी खायची. एकदा मी न राहवून म्हटलं, सांगून टाक ना तिला. तर म्हणाली, "गप बस बेबे. ज्या दिशी मी तिला पयल्यांदा हाक मारली त्या दिशीचं खाते मी." माझी बारावी झाल्यावर आईने माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली, तेव्हा "वन्सं डी.एड. करतील, फी मी भरते" असं आईला तोंडावर सांगणारी हीच शालन. तोपर्यंत त्या दोघी इतक्या सरळ बोलायला लागल्या होत्या की सरळ भांडतसुद्धा होत्या, आणि मला कुणी निरोप सांगेना. मी तीस वर्षं मास्तरीण म्हणून उभी राहिले ती त्या भांडणामुळे. आईने जे सुनेला दिलं त्यातलं अर्धं फिरून माझ्याच पदरात पडलं, असं मला आज वाटतं.

आई जाऊन काही वर्षं झाली. शेताचा तेवढा एक तुकडा उरलाय, आणि त्याच्या बांधावर वहिनी आता भांबुर्डा असा राखते की गवळ्याची म्हैस तिकडे वळली तर हातात दगड घेते. कोबीच्या त्या पोपटीचा राग आला म्हणून गेल्या आठवड्यात तिने स्वतः मडकं लावलं. वास बदलला तसा तिने पदर खोचला. मडकं अगदी वेळेवर उतरलं, तरी काठाच्या चार शेंगा काळ्या झाल्याच होत्या. सवयीने तिचा हात गेला, द्रोणात त्या भरल्या, आणि मग द्रोण कुणापुढे ठेवायचा ते तिला कळेना. मी हात पुढे केला. "दे इकडे. मला पण करपलेल्याच आवडतात." तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, "आईवर गेलात वन्सं," म्हणाली आणि द्रोण माझ्या हातात दिला. कडू जहर होत्या. मी एकही टाकली नाही.

हे मी लिहून ठेवतेय म्हणजे वहिनी कधीतरी वाचणार, आणि तिला खरं कळणार. कळू दे. शालन, रागावू नकोस. रडायचं असेल तर थोडं रड. आणि पुढच्या पोपटीला माझ्या पानावर मधल्या शेंगा वाढ, बाई, माझ्या दातांत आईइतका दम नाही.